लेटरहेडवरचा ॲडमिरल

चार डिसेंबरच्या नौदल दिनासाठी शाळेला एक फलक करायचा होता. विषय, अलिबागशी नातं असलेले दर्यावर्दी. कान्होजी आंग्र्यांबद्दल दुमत असण्याचं कारणच नव्हतं, त्यांची समाधी गावातच आहे. गाडी अडली ती ॲडमिरल लक्ष्मीनारायण रामदास यांच्यापाशी. मजकूर लिहायचं काम माझ्या गळ्यात, म्हणून तपशील विचारायला मी मामांकडे गेलो. मामा म्हणजे सगळ्या आळीचे मामा. नौदलात सिग्नल शाखेत नोकरी करून चीफ योमन म्हणून निवृत्त झालेले. त्यांची सख्खी भाची अलिबागच्या कोर्टात वकिली करते, जमिनीचे दावे जास्त. तीही नेमकी तिथेच होती. मी कागद पुढे केला, आणि पुढचा सगळा वेळ मला एक ओळही लिहिता आली नाही.

मामा : लिहा गुरुजी. ॲडमिरल एल. रामदास. जन्म मुंबईचा, 1933. नौदलात कमिशन 1953. एकाहत्तरच्या लढाईत वीरचक्र. 1990 ते 1993 नौदलप्रमुख. झालं. पूर्णविराम.

भाची : पूर्णविराम कसा, मामा? साहेब गेले 2024 च्या मार्चमध्ये. मधली तीस वर्षं कुठे गेली? मॅगसेसे पुरस्कार कुठे गेला? आपल्या तालुक्यात भायमळ्याला येऊन राहिले, इथल्या लोकांत मिसळले, ते कुठे गेलं?

मामा : ती वर्षं त्यांची खाजगी. फलक नौदलाचा आहे.

भाची : फलक शाळेचा आहे.

मामांना रामदासांबद्दल आकस आहे असं कुणी समजू नये. उलट त्यांचा अभिमान असा की ऐकणारा दमतो. एकाहत्तर साली आयएनएस बियास ही फ्रिगेट रामदासांच्या हाताखाली बंगालच्या उपसागरात होती. मामा त्यानंतर भरती झाले, पण त्या जहाजांवरच्या जुन्या सिग्नलमनकडून त्यांनी सगळं ऐकलेलं. विक्रांतचा एक बॉयलर तडकलेला, त्यामुळे तिला पूर्ण वेग घेता येत नव्हता. पाणबुडीची भीती. विक्रांत, ब्रह्मपुत्रा, बियास आणि बाकीचा ताफा अंदमानातल्या पोर्ट कॉर्नवॉलिसच्या आडोशाला जाऊन बसलेला. युद्ध पेटल्यावर विक्रांतच्या विमानांनी कॉक्स बाजार आणि चितगावावर मारा केला. बाकीच्या जहाजांनी पूर्व पाकिस्तानची समुद्राकडची दारं लावून घेतली. हे सांगताना मामांचा उजवा हात आपोआप हलायला लागतो. पूर्वी रेडिओ बंद ठेवून एका जहाजाने दुसऱ्याशी बोलायचं म्हणजे आल्डिस लॅम्प. दिव्यासमोरची झडप उघडायची, मिटायची. लांब, आखूड, आखूड. झडपेचा तो खटखट आवाज मामा तोंडाने काढतात. रामदास स्वतः संदेशवहनातले तज्ज्ञ, म्हणजे मामांच्याच शाखेतले. त्यामुळे हा माणूस मामांना फार जवळचा, आणि राग आहे तोही त्याचमुळे.

मामा : आमच्या शाखेत पहिल्या दिवशी शिकवतात, आलेला संदेश जसाच्या तसा पुढे द्यायचा. त्यात आपलं काही घालायचं नाही. चाळीस वर्षं ज्याने हे पाळलं, त्याने निवृत्तीनंतर जो विषय दिसेल त्यावर पत्र लिहायचं? अणुबॉम्बवर लिहायचं, सेझवर लिहायचं, निवडणुकीवर लिहायचं? आणि सही करताना खाली काय? ॲडमिरल, निवृत्त. अगं, तो हुद्दा त्यांना नौदलाने दिला. त्याचं वजन त्यांच्या एकट्याचं नाही. एकाहत्तरला बुडालेल्या खुकरी जहाजाचं आहे, तिच्यासोबत गेलेल्या कॅप्टन मुल्लांचं आहे.

भाची : तुमच्या शाखेचं म्हणाल तर 1946 च्या फेब्रुवारीत मुंबईत नौसैनिकांचा उठाव कुठून सुरू झाला? एचएमआयएस तलवार. सिग्नल स्कूल! संदेश जसाच्या तसा पुढे देणाऱ्यांनीच आधी काम थांबवलं. मागण्या काय, तर जेवण नीट द्या, आझाद हिंदवाल्यांना सोडा.

मामा : आणि म्हणूनच स्वतंत्र नौदलाने धडा घेतला, की राजकारण गँगवेच्या पलीकडे ठेवायचं. त्या पोरांना शरण जा म्हणून सांगायला वल्लभभाईंना मध्ये पडावं लागलं. पुढे कितीजणांना पुन्हा नोकरीत घेतलं? विचार तुझ्या पुस्तकांना.

इथे भाची क्षणभर अडली, पण वकील ती वकीलच.

भाची : मामा, घटनेचं कलम 33 आहे. सैन्यदलातल्या माणसांचे मूलभूत हक्क किती मर्यादित करायचे ते संसद ठरवते, कारण शिस्त लागते. मान्य. पण ते अंगावर गणवेश असेपर्यंत. 30 सप्टेंबर 1993 ला साहेब निवृत्त झाले, त्या दिवशी त्यांना बोलण्याचा हक्क परत मिळाला. लष्करी गुपितं फोडायची नाहीत, एवढंच बंधन उरलं. ते त्यांनी मोडलं असं कोणी म्हटलंय का?

मामा : हक्क नाही असं मी कुठे म्हणतोय? हक्क सगळ्यांनाच असतो. शोभा म्हणून काही आहे की नाही?

भाची : शोभा! माजी सेनापती राज्यपाल होतात ते शोभतं. राजदूत होतात, शोभतं. निवृत्त झाल्यावर दोन वर्षांत निवडणूक लढवून मंत्री होतात, तेही शोभतं. कुलाब्याच्या ‘आदर्श’ इमारतीच्या घोटाळ्यात माजी प्रमुखांची नावं निघाली, तेव्हा हुद्द्याचं वजन कुठे गेलं होतं? सरकारकडून काही घेतलं की तो मान, आणि सरकारला काही सुनावलं की अशोभनीय. असा हा हिशेब आहे, मामा.

‘आदर्श’चं नाव निघाल्यावर मामांनी हात झटकला, जणू अंगावर काही पडलं. त्या विषयावर ते कधीच बोलत नाहीत. लाज वाटते म्हणतात.

मग विषय बॉम्बवर गेला. इथे मामांचं म्हणणं चांगलंच धारदार होतं, आणि मला वाटतं, रामदासांवर टीका करणारे बहुतेक लोक हे नीट मांडतही नाहीत. 1988 मध्ये सोव्हिएत संघाकडून भाड्याने घेतलेली अणुशक्तीवर चालणारी पाणबुडी, आयएनएस चक्र, 1991 च्या जानेवारीत परत गेली. म्हणजे रामदासांनी नौदलाची सूत्रं घेतल्यावर थोड्याच दिवसांत. तिच्यावर शिकलेल्या माणसांच्या जोरावर पुढे आपली स्वतःची पाणबुडी विशाखापट्टणमला उभी राहिली. तीच अरिहंत. 2018 साली तिने पहिली गस्त पूर्ण केल्याचं सरकारने जाहीर केलं.

मामा : ज्या नौदलाच्या प्रमुखपदी बसलात त्याचं अर्धं स्वप्न हे होतं. तेव्हा ‘नको’ म्हणाला नाहीत. निवृत्त झालात, पेन्शन सुरू झालं, पोखरणनंतर अण्वस्त्रविरोधी मोर्च्यात उभे राहिलात. जैतापूरच्या अणुविजेलाही विरोध. खुर्चीत असताना म्हणायचं होतं ना. राजीनामा टाकायचा होता.

भाची : खुर्चीत असताना जाहीरपणे बॉम्ब होता कुठे? चक्रवर अण्वस्त्रं नव्हती, ती फक्त अणुशक्तीवर चालायची. पोखरण 1998 ला, साहेब घरी बसून पाच वर्षं झाली होती. आणि प्रमुखाने खुर्चीत बसून सरकारच्या धोरणाविरुद्ध बोलावं, असं तुम्हीच सांगताय? मघाशी शिस्त शिस्त करत होतात.

मामा : …

भाची : कराची ते मुंबई हवेतून नऊशे किलोमीटरही नाही. क्षेपणास्त्राला लागतात मिनिटं. त्या मिनिटांत निर्णय कोण कसा घेतो, चुकीचा संदेश आला तर काय होतं, हे तुमच्या शाखेच्या माणसाला कळत नसेल तर कुणाला कळायचं? इतर कुणी म्हटलं तर भाबडा म्हणतील. ज्याने तोफा डागल्यात त्याला भाबडा म्हणता येत नाही. म्हणून ती सही लागते.

आपला स्वतःचा मुद्दा आपल्यावरच उलटला की मामा चहा मागवतात. चहा आला.

मधल्या मोकळ्या वेळात मी बायकांच्या भरतीचा विषय काढला. त्यावर दोघांचं एकमत, त्यामुळे तो लवकर संपला. रामदास प्रमुख असताना, 1992 मध्ये, नौदलाने अधिकारी म्हणून स्त्रियांना पहिल्यांदा घेतलं, ते लॉजिस्टिक्स, कायदा, शिक्षण असल्या शाखांत. मामा म्हणाले, वॉर्डरूममध्ये आणि मेसमध्ये तेव्हा खूप कुजबुज झाली होती. पण हुकूम आला आणि सगळे गप्प बसले. पुढे त्या बायकांना कायम कमिशन मिळायला मात्र सर्वोच्च न्यायालयाचा 2020 चा निकाल लागला. “तुमचा हुकूम अर्धाच होता मग,” भाची म्हणाली. रामदासांच्या घरातलं वारं कुठलं होतं तेही तिने सांगितलं. तीन मुली. बायको ललिता, नौदलाचे पहिले भारतीय प्रमुख रामदास कटारी यांची मुलगी (सासऱ्यांचं नाव रामदास आणि जावयाचं आडनाव रामदास, हा योग मामांना फार आवडतो). दिल्लीत 1984 मध्ये शिखांच्या कत्तली झाल्या, तेव्हा नवरा अजून गणवेशात असताना ही बाई मदत छावण्यांत काम करत होती. सार्वजनिक काम रामदासांच्या घरात निवृत्तीनंतर आलं हे मुळात खरं नाही. आधी ते दुसऱ्या दाराने आलेलं होतं.

चहा संपल्यावर मामा स्वतःहून ‘विराट’वर आले. मला याचं आश्चर्य वाटलं, कारण हे त्यांच्या बाजूचं उदाहरण नव्हतं.

2019 ची निवडणूक. प्रचारात आरोप झाला की, राजीव गांधींनी विमानवाहू जहाज विराट सहलीसाठी टॅक्सीसारखं वापरलं. प्रसंग 1987 च्या डिसेंबरचा. रामदास त्या वेळी कोचीला दक्षिण नौदल कमांडचे प्रमुख होते. त्यांनी तेव्हाच्या जहाजांवरच्या कप्तानांशी बोलून निवेदन काढलं. पंतप्रधान त्रिवेंद्रमला राष्ट्रीय क्रीडास्पर्धेच्या बक्षीस समारंभाला आले होते. तिथून लक्षद्वीपला द्वीप विकास प्राधिकरणाच्या बैठकीला निघाले. जहाजावर परदेशी पाहुणे नव्हते, मेजवान्या झडल्या नाहीत. जेवण दिलं ते रामदासांनी स्वतः, कमांडप्रमुख म्हणून.

मामा : आता हे त्यांनी बोलायलाच हवं होतं. मी मानतो.

भाची : का?

मामा : कारण ते तिथे होते. बघितलं ते सांगितलं. एका निवृत्त कमांडरने त्याच वेळी उलटंही सांगितलं, तोही म्हणाला मी होतो. ठीक आहे, दोघांचं ऐका आणि ठरवा. हा साक्षीदाराचा जबाब झाला. जबाब देणं हे कर्तव्य.

भाची : तुम्ही कोचीला होतात ना तेव्हा? सिग्नल स्कूलमध्ये? तुम्ही का नाही बोललात?

मामा : (हसून) मला कोण विचारणार? मी सेलर. टीव्हीवाला माझ्या दारात येईल? आमच्यातलं कोणी काही बोललं तर पेपरात चार ओळीसुद्धा येत नाहीत. ॲडमिरल बोलला की पहिलं पान.

भाची : तेच तर म्हणतेय मी.

मामा : आणि मीही तेच म्हणतोय! पहिलं पान मिळतं म्हणूनच सांभाळून बोलायचं. विराटवर बोलला, तेव्हा तो ॲडमिरल होता. बॉम्बवर बोलला, चल, अर्धा ॲडमिरल होता. सेझवर बोलला तेव्हा कोण होता? पण कागदावर तीनही वेळा तेच चार तारे.

हे वाक्य मी वहीत उतरून घेतलं. सगळ्या वादातला कणा मला इथे सापडला. निवृत्त सेनानीने बोलावं की न बोलावं, यावर आपल्याकडे पुष्कळ शाई सांडली आहे. पण कुठल्या विषयावर त्याचा शब्द साक्षीदाराचा, कुठे जाणकाराचा आणि कुठे निव्वळ एका नागरिकाचा, हा फरक ऐकणाऱ्याने करायला हवा. सही करणाऱ्याने तो दाखवला तर उत्तम. लेटरहेड काही तो दाखवत नाही.

भाचीचं उत्तर मात्र मला अपेक्षित नव्हतं.

भाची : सेझच्या, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्राच्या वेळी ते ॲडमिरल नव्हते, आपल्या तालुक्याचे रहिवासी होते. पण सरकारी कचेरीत काय होतं ते मी रोज बघते. सातबाऱ्यावर अकरा वारसांची नावं, त्यातला एक म्हातारा खारेपाटातून सकाळची एसटी धरून येतो. कचेरीतले साहेब मीटिंगला गेलेत म्हणून दुपारपर्यंत बाकावर बसतो आणि ‘सोमवारी या’ ऐकून परत जातो. त्याच्याबरोबर एक माजी नौदलप्रमुख त्याच बाकावर येऊन बसला, की सोमवारचा आजच होतो. साहेब सेझविरोधी लढ्याच्या बाजूने उभे राहिले, म्हणजे त्यांनी आपलं वजन कुणाला तरी उसनं दिलं. आणि लढा त्यांचा नव्हता हो, लोकांचाच होता. एन. डी. पाटील होते, गावोगावच्या बायका होत्या. 21 सप्टेंबर 2008 ला पेण तालुक्यातल्या बावीस गावांत शेतकऱ्यांचं मत घ्यावं लागलं सरकारला. हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातली गावं. धरणाचं पाणी पोहोचायचं ती भाताची शेतं सेझला द्यायची होती. शेवटी सेझ आलं नाही.

मामा : चरीच्या संपाला कुठला ॲडमिरल होता? नारायण नागू पाटील होते, आणि शेतकरी वर्षानुवर्षं जमीन पडीक ठेवून बसले. निभावलंच ना?

भाची : निभावलं. उपाशी राहून निभावलं. तो संपही 1933 चा, साहेबांच्या जन्माच्या सालचा. उपाशी न राहता निभावता आलं तर वाईट आहे का?

मामा यावर काही बोलले नाहीत. एरवी ते चरीचं नाव निघालं की आजोबांच्या गोष्टी सांगतात.

पाकिस्तानच्या विषयावर मला मोठं भांडण होईल असं वाटलं होतं. रामदास भारत-पाकिस्तान जनता मंचात होते. 2004 चा मॅगसेसे त्यांना पाकिस्तानच्या आय. ए. रहमान यांच्यासोबत मिळाला, तोही दोन्हीकडच्या सामान्य माणसांना शांततेसाठी एकत्र आणल्याबद्दल. ज्यांच्यावर तोफा डागल्या त्यांच्याच माणसाशेजारी उभं राहून बक्षीस घ्यायचं, हे एका माजी सैनिकाला खुपेल अशी माझी अटकळ. पण मामा समुद्रावरचे. जमिनीवरच्या सैनिकाला कुंपण दिसतं. मामांनी कच्छच्या समोरचा समुद्र रात्री पाहिलेला.

मामा : तिथे रेघ नसते. चार्टवर असते, ब्रिजवर नेव्हिगेटरच्या पेन्सिलीखाली असते. खाली पाण्यात काही नाही. भरतीची ओढ लागली, इंजिन बंद पडलं, की होडी सरकते ती सरकतेच. मासळी जिकडे जाते तिकडे होडी जाते. गुजरातच्या होड्या, पण त्यांवरचे खलाशी पुष्कळदा आपल्या पालघर-डहाणूचे. पाकिस्तानची मेरीटाइम एजन्सी धरते, की गेली वर्षं. घरी बाई बसलेली. तिला कोणी पत्रसुद्धा देत नाही.

भाची : 1 जानेवारी आणि 1 जुलैला दोन्ही सरकारं एकमेकांच्या कैद्यांच्या याद्या देतात, त्यात मच्छीमार वेगळे दाखवतात. 2008 चा करार आहे. पण यादीत नाव येणं आणि सुटणं यांत फार अंतर. मंचाची माणसं त्या अंतरात काम करतात.

मामा : तिथे साहेब बोलले ते मला मंजूर. दर्यावरचा माणूस दर्यावरच्या माणसाबद्दल बोलला.

भाची : मग मॅगसेसे फलकावर घालायचा?

मामा : घाला. पण लोकपाल घालायचा नाही.

इथे मामा हटले नाहीत, आणि खरं सांगायचं तर या एका ठिकाणी मी मामांच्या बाजूचा आहे. रामदास आम आदमी पक्षाचे अंतर्गत लोकपाल होते. पक्षाच्या कारभारावर नजर ठेवणारा त्रयस्थ, सभासद नव्हे, असं भाचीचं म्हणणं. तांत्रिकदृष्ट्या ते बरोबर आहे. पण सामान्य माणूस एवढी बारीक रेघ बघत नाही. त्याला पक्षाच्या नावाशेजारी ॲडमिरल दिसतो. आणि याच रामदासांनी 2019 मध्ये निवडणूक आयोगाला लिहिलं, की सैन्याचा पराक्रम प्रचारात वापरू देऊ नका. राष्ट्रपतींकडे गेलेल्या माजी सैनिकांच्या पत्रावरही त्यांचं नाव होतं. ते म्हणणं सोळा आणे खरं. फक्त ते म्हणणाऱ्याने आधी कुठल्याही पक्षाच्या अंगणात बसायला नको होतं.

मामा : त्या राष्ट्रपतींच्या पत्राचं काय झालं आठवतं? यादीतल्या दोन माजी प्रमुखांनी, एक लष्कराचे, एक हवाई दलाचे, सांगून टाकलं की आम्ही होकार दिलेला नाही. झाली ना फजिती. चांगल्या कामाची.

भाची : बहुतेकांनी नावं मागे घेतली नाहीत. आणि लोकपालपदाचं म्हणाल तर तिथे साहेबांनी काय केलं ते बघा. 2015 मध्ये पक्ष दिल्लीत प्रचंड बहुमताने आलेला. तेव्हा यांनी पक्षाला लिहिलं, की तुमच्यात दोन तट पडलेत, आतली लोकशाही सांभाळा. विजयाच्या मिरवणुकीत हे लिहायला छाती लागते. बक्षीस काय, तर राष्ट्रीय परिषदेच्या बैठकीला येऊ नका असा निरोप, आणि लोकपाल बदलले. म्हणाले, मुदत संपली होती.

मामा : नौदलात निवृत्त होणाऱ्या साहेबाची गाडी अधिकारी दोरखंड लावून हाताने ओढत दारापर्यंत नेतात. माहीत आहे ना? आणि तिथे यायचं नाही म्हणून निरोप. ऐंशी ओलांडलेल्या माणसाला. त्यांनी ते पद घेतलं नसतं, तर आमच्या ॲडमिरलला असं कोणी म्हणालं नसतं.

भाची : त्यांनी काम केलं म्हणून म्हणाले, मामा. गप्प बसले असते तर हार घातले असते.

मामा : काम केलं, मान्य. पण ते काम आमचं नव्हतं.

भाची : ‘आमचं’ म्हणजे कुणाचं?